पाचवीतला पहिला नंबर

शाळेत चाळीस टॅब्लेट आले आणि त्यांची देखभाल मावशींकडे आली. मावशी म्हणजे शाळेच्या शिपाई. बावीस वर्षं त्या फळे पुसत होत्या, पाणी भरत होत्या, हरवलेले डबे शोधत होत्या. त्यात ही भर. रोज सकाळी एकेक टॅब्लेट उघडायचा, गणिताचा खेळ सुरू होतो का ते बघायचं, बंद करायचा. त्यासाठी संगणकाच्या सरांनी पाचवीच्या वर्गात 'चाचणी' नावाचं खातं काढून दिलं होतं.

खेळात एक खार होती. उत्तर बरोबर आलं की ती एक फांदी वर चढायची. चुकलं की खाली येऊन तुमच्याकडे बघत बसायची. पहिल्याच दिवशी मावशींचं उत्तर चुकलं. खारीला तसं सोडून जाणं त्यांना बरं वाटेना. दुसऱ्या दिवसापासून त्या अर्धा तास लवकर येऊ लागल्या.

महिनाभरात पाचवीच्या यादीत 'चाचणी' पहिली आली. दुसरी आली ती वर्गातली वकीलबाई. सारखे प्रश्न विचारते म्हणून हे नाव तिला वर्गाच्या बाईंनीच ठेवलं होतं.

"बाई, ही चाचणी बसते कुठे?" तिनं विचारलं.

बाईंनी हजेरीपट दोनदा पाहिला. मुख्याध्यापकांनी तोवर कौतुकपत्रावर सही करून टाकली होती. फक्त आडनाव राहिलं होतं. ते विचारायला त्यांनी बाईंना बोलावलं, तेव्हा मावशी चहा ठेवत होत्या.

"माझं घाला," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ती चाचणी मीच."

बाईंनी कप खाली ठेवला. "मावशी, तुम्हाला अपूर्णांक येतात?"

"येत नव्हते. पाचवीत ते सुरू झाले आणि त्याच आठवड्यात धाकट्या भावाला सांभाळायला आईनं मला घरी बसवलं. पुढे काय झालं, कळलंच नाही."

"भावाचं?"

"अपूर्णांकांचं."

मुख्याध्यापक म्हणाले, खातं यंत्रं तपासायला आहे, नियम म्हणजे नियम. मावशी "बरं" म्हणाल्या आणि कप घेऊन गेल्या. दुपारी खातं बंद झालं आणि चाचणी म्हणजे कोण ते वर्गात कळलं. मावशींनी त्या दिवशी सहा वर्गांचे फळे पुसले. पुसायचे चारच होते.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई पहिली आली आणि तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली.

"सर, मला हा नंबर नको. समोरच्याला मैदानाबाहेर काढून जिंकणं काय कामाचं?"

"अगं, त्या शिपाई आहेत."

"मग? उत्तरं चुकीची होती का?"

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. शेवटी बाईंनीच तोड काढली. शिक्षकांसाठीचं एक खातं रिकामं होतं, कारण मुख्याध्यापकांनी आपलं अजून उघडलंच नव्हतं. ते त्यांनी तोंड वाकडं न करता देऊन टाकलं. त्यावर मावशींचं नाव आलं, आडनावासकट.

मावशींना पुन्हा तळापासून चढावं लागलं. दशांशांपाशी त्या अडकल्या आणि मधल्या सुट्टीत वही घेऊन वकीलबाईकडे गेल्या. दोघी पायरीवर बसल्या.

"घाई करू नका, मावशी. आधी टिंबाखाली टिंब मांडा."

"मांडलं."

"दाखवा."

मावशींनी वही पुढे केली. वकीलबाईनं बराच वेळ पाहिलं, लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, 'अक्षर सुधारा.'