आडवी झालेली गाडी

म्हादू झाडावर डहाळ्या तोडायला चढला, वरचं आग्या मोहोळ त्याला दिसलं नाही, आणि कोयत्याच्या पहिल्याच घावाला माश्या उठल्या. खाली उतरला तेव्हा तोंड ओळखू येईना. थोड्या वेळात श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. गावात फोनला रेंज नाही, बस गेलेली. त्याची बायको रुक्मिणी हिनं जुन्या लुगड्यानं नवऱ्याला आपल्या भावाच्या, वासूच्या, पाठीशी करकचून बांधलं आणि एवढंच म्हणाली, "वासू, ह्यास्नी जोयड्याच्या दवाखान्यात पोचीव."

पोचला तर इंजेक्शन मिळेल, इंजेक्शन मिळालं तर वाचेल, हे वासूला पक्कं ठाऊक होतं. मोटारसायकल नवी, रस्ता पायाखालचा. पण ओहोळाच्या उतारावर, गाडी अगदी माणसाच्या चालीनं चाललेली असताना, म्हादू एका अंगाला कलला. त्याच्या वजनानं वासूचाही तोल गेला आणि गाडी आडवी झाली. खरचटलंसुद्धा नाही कुणाला. इंजिन तेवढं बंद पडलं.

आता सांगूनच टाकतो, उगाच तर्क लढवत बसू नका. इंजिनाला काही म्हणजे काही झालं नव्हतं. नव्या गाड्यांत एक सेन्सर असतो. गाडी पडली की तो इंजिन बंद करतो. चावी एकदा बंद करून परत चालू केली की संपलं. पण हे वासूला सांगणार कोण? गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याला हार घालून फोटो काढायची घाई, आणि ह्याला देवळापुढं नारळ फोडायची. ह्याची सगळी अक्कल जुन्या गाडीवरची. तिची चावी झिजलेली, एकदा फिरवली की परत लागताना घाम काढायची. अडचणीत चावीला हात लावायचा नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं.

चावी सोडून बिचाऱ्यानं सगळं केलं. म्हादूला सोडवून किंदळाच्या बुंध्याला टेकवलं. इंजिन बंद करायचं लाल बटण पाहिलं, ते चालूवरच होतं. वाकलेला क्लच सरळ केला. स्टार्टर दाबला, तर इंजिन नुसतंच घरघरलं. प्लग काढला, तो कोरडा ठणठणीत. म्हणजे पेट्रोल येत नाही असं धरून टाकी हलवली, नळी फुंकली. किका मारून पाय भरून आला. देवाला कोंबडा बोलला, गाडीला आईबहिणीवरून शिव्या घातल्या.

मध्येच धावत जाऊन त्यानं विचारलं, "भावजी, पाठीवर घेऊन चालू का?"

म्हादूला बोलवेना. त्यानं बोटानं दाखवलं, गाडीच बघ.

वासू परत गाडीशी झटायला लागला. मागची शिट्टी थांबली तेव्हा त्याला बरं वाटलं. भावजींना आराम पडला असं वाटलं त्याला.

गणेशगुडीकडच्या एका लॉजची जीप आली, तिच्यात दोघांना घातलं. निघताना वासूनं सवयीनं चावी काढून खिशात टाकली. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि मान हलवली.

माती झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो गाडी आणायला एकटाच गेला. चावी लावली, किक मारली. पहिल्या किकेला गाडी सुरू.

वासू खुळ्यासारखा बघत राहिला. मग त्यानं चालू गाडी हळूच आडवी केली. इंजिन बंद पडलं. उभी करून किक मारली, काही नाही. पुन्हा मारली, काही नाही. चावी बंद केली, चालू केली, किक मारली. सुरू. सगळं त्याच्या ध्यानात आलं. तिथंच ओहोळात बसून तो गुरासारखा हंबरडा फोडून रडला.

मग त्यानं इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलायला लागला. सगळा चढ, ऊन डोक्यावर. वाटेत कुणी विचारलं तर बिघडलीया म्हणायचा. गावात गाडीचा आवाज जाता कामा नये, रुक्मिणीच्या कानावर तर मुळीच नाही, एवढंच डोक्यात.

दारात तिनं त्याच्या हातांकडं पाहिलं. तळव्यांना फोड आलेले. तिनं आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं.

"गाडीच मोडली, त्याला तू काय करनार रं," रुक्मिणी म्हणाली. "मनाला लावून घिऊ नगंस."

"व्हय, आक्का," वासू म्हणाला, आणि पाणी प्यायला.