रिंगांवरची वांगी रेघ

भावोजी दुकानात आले आणि आतल्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं. ह्यांनी आवाज ओळखला, हे मला तेवढ्यावरून कळलं.

भावोजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. नेमबाजीच्या क्लबात त्यांना चॅम्पियन म्हणतात, आणि कोणी म्हणायचं विसरलं तर ते स्वतः आठवण करून देतात. आमच्या दुकानाची पायरी त्यांनी कित्येक वर्षांत चढली नव्हती. आज चढले ते नाइलाजाने. त्यांचा नेहमीचा कारागीर गाव सोडून मुलाकडे राहायला गेला होता, रविवारी स्पर्धा होती, आणि काखेत नव्या दुर्बिणीचा खोका होता.

दुकान बंदुका दुरुस्त करण्याचं. काउंटरवर पूर्वी हे असायचे. भावोजींच्या रायफलीवर पहिली दुर्बीण ह्यांनीच बसवली, दोन रिंगांत धरून, स्क्रूंनी आवळून. मग एका मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत भावोजींच्या गोळ्या कागदाच्या कडेला जाऊन लागल्या. नेमासाठी पालथे पडले होते तिथून उठल्या उठल्या त्यांनी पंचांसमोर, अख्ख्या क्लबासमोर सांगून टाकलं की दुर्बीण रिंगांमधून सरकली, मेहुण्याने स्क्रू आवळलेच नव्हते. वर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून आवळून घेतले म्हणून सांगत फिरले. ह्यांनी चकार शब्द काढला नाही. काढायचा कोणासमोर? बहिणीचा नवरा पडला. ताईच्या डोळ्यांना पाणी नको, म्हणून ह्यांनी स्वतःच्या नावावर पाणी सोडलं.

क्लबाची माणसं यायची बंद झाली. हे आतल्या खोलीत शिलाई मशिनी दुरुस्त करायला बसले, ते कायमचेच. काउंटर मी धरला. माहितीपत्रकं वाचून, स्क्रूंची तोंडं झिजवून, बोटं कापून घेऊन शिकले. आणि हे? हे कुलूप लावलं की ओढून बघायला लागले. मग पुन्हा ओढून. गॅसचं बटण, नळ, खिडकीची कडी, आमच्या घरात एकही गोष्ट एकदाच बंद होईनाशी झाली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी भावोजींना जन्मात माफ करणार नव्हते. अजूनही तसा विचार नाही.

तर भावोजींनी रायफल काउंटरवर ठेवली. लायसन्स दाखवलं, गोळी भरायचा बोल्ट मागे ओढून ती रिकामी असल्याचं दाखवलं. मी रिंगांचा ट्रे पुढे केला. नवी दुर्बीण जाड अंगाची होती, जुन्या रिंगांत ती मावणार नव्हती. त्यांनी ट्रेमधली सगळ्यात उंच, सगळ्यात चकचकीत जोडी उचलली. ह्याच द्या, रुबाबदार दिसतात, म्हणाले.

"ह्या लावल्यात तर उंटासारखी मान वर काढून नेम धरावा लागेल," मी म्हटलं.

"वहिनी, जीभ काही गंजली नाही तुमची."

"तेल घालते रोज."

मग त्यांना समजावलं. पुढची काच बॅरलला टेकता कामा नये, बोल्ट ओढताना मागे अडता कामा नये, आणि हे दोन्ही साधून दुर्बीण जितकी खाली बसेल तितकी बरी, कारण गाल दस्त्यावर टेकलेला असतानाच डोळा काचेसमोर यायला हवा. मी मधल्या उंचीची काळी, बिनचकाकीची जोडी काढली. त्यांना गाल टेकवून डोळे मिटायला सांगितलं, मग उघडायला. माझ्या काउंटरवर त्यांची मान खाली गेलेली मला फार दिवसांपासून बघायची होती, पण अशी नव्हे.

जाताना ते आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघून जरा मोठ्याने म्हणाले, "तो मशिनीच करतो ना अजून? बरं आहे. मशीन काही सरकत नाही कुठे." आणि मला, "या वेळी स्क्रू तेवढे आवळा म्हणजे झालं."

मी हसले. दात दिसले असतील, त्याला हसणं म्हणायचं तर म्हणा.

ते गेल्यावर दिवा ओढून रायफल फडक्याने पुसायला घेतली. जुन्या रिंगांवर तेल आणि धूळ बसून काळा थर झाला होता. मागच्या रिंगेवरचा थर निघाला आणि खालून वांगी रंग दिसला.

स्क्रू आवळून झाला की ह्यांची एक पद्धत होती. स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढायची. पुढे स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, दोन तुकडे समोरासमोर राहत नाहीत. बाटली माझीच. भावाच्या लग्नासाठी हौसेने आणली होती, तर ह्यांनी तीच पळवली. वांग्याच्या सालीसारखा तो रंग मला पुन्हा कुठल्या दुकानात मिळाला नाही. लग्नात मी कोऱ्या नखांनी फिरले आणि भावोजींची रायफल नटून बसली.

मी भिंग घेतलं. एकेका स्क्रूवरून फडकं फिरवलं. प्रत्येक रेघ अखंड होती. एकही तडा नाही. म्हणजे ह्यांनी आवळल्यानंतर त्या स्क्रूंना कोणी हात लावला नव्हता. दुसऱ्या दुकानात नाही, कुठेच नाही. कशाला लावतील? रिंगा धड होत्या हे त्यांना ठाऊकच होतं. माझ्या नवऱ्याला खोलीत कोंडून हा माणूस इतकी वर्षं त्याच रिंगांवर कप जिंकत होता.

कान तापले.

जुनी दुर्बीण मी रिंगांसकट रायफलीवरच्या पट्टीवरून अलगद सोडवली, एकही रेघ न दुखवता, आणि बाजूला ठेवली. नव्या रिंगांचे खालचे भाग बसवले, नवी दुर्बीण आडवी ठेवली. पाणसळ लावून काचेतली फुली सरळ केली. वरचे भाग चढवले. स्क्रू हाताने फिरतील तेवढे फिरवले. आता ड्रॉवरमधला टकवाला पेचकस घ्यायचा. त्याला किती जोर लावायचा ते आधी ठरवून देता येतं, तेवढा लागला की तो टक् करून वाजतो आणि पुढे फिरत नाही.

मी ड्रॉवर उघडला आणि तसाच बंद केला.

खोटं बोलला होतात ना भावोजी? मग आता खरं करून देते. रविवारी पहिले चार-पाच बार होतील, धक्क्याधक्क्याने दुर्बीण रिंगांतून सरकत जाईल, आणि गोळ्या कुठे जातील ते देवालाच विचारा. अख्ख्या क्लबासमोर. मी रायफल पुसली आणि तिच्या खोक्यात घालायला उचलली. इतकं हलकं मला लग्न झाल्यापासून वाटलं नव्हतं.

"टक वाजलं नाही गं," आतून आवाज आला.

हे दुकानातल्या कामाबद्दल कधी बोलत नसत. पण पडद्याआडून माझं प्रत्येक काम ऐकत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी जुनी दुर्बीण उचलली आणि आत जाऊन त्यांच्या मशीनवर ठेवली. भिंग हातात दिलं. त्यांनी वाकून एकेक रेघ तपासली. मग एका रेघेवरून हळूच बोट फिरवलं, झोपलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावं तसं.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "राहिला असेल एखादा."

मी समजत होते की हे ताईसाठी गप्प आहेत. ह्यांना स्वतःचीच खात्री नव्हती. सगळी कुलपं त्या एका स्क्रूसाठी ओढली जात होती.

मग तर माझा निश्चय आणखी पक्का झाला. मी सरळ सांगून टाकलं की स्क्रू मी ढिले ठेवलेत आणि ढिलेच राहणार.

ह्यांनी भिंग खाली ठेवलं. "मग तो खरा ठरेल," म्हणाले. "आपल्या दुकानातून ढिल्या रिंगा जातात, असंच ना?"

रागाच्या भरात मला हे सुचलंच नव्हतं. मी बाहेर आले. एकाआड एक, तिरके, सगळे स्क्रू आवळले. प्रत्येक टक् आत ऐकू जाईल इतपत सावकाश. त्या वांगी बाटलीत आता नुसता सुकलेला गोळा होता, म्हणून दुसरी लाल बाटली आणून रेघा ओढल्या. ठळक ओढल्या. लांबून दिसाव्यात अशा.

मग दोन फोन केले. भावोजींना संध्याकाळी पाचला बोलावलं. पंचकाकांनाही पाचलाच. पंचकाका म्हणजे त्या स्पर्धेतले पंच. त्यांची छऱ्यांची बंदूक दुरुस्त होऊन आठवडाभर पडली होती, तिला आज मुहूर्त लागला.

भावोजींनी नवी दुर्बीण डोळ्याला लावून बघितली, खूश झाले. पंचकाकांनीही रिंगा हलवून बघितल्या, लाल रेघा बघितल्या, मान डोलावली. भावोजी म्हणाले की जुनं सामान टाकून द्या, वहिनी.

"टाकते," मी म्हटलं, "पण आधी ते उघडावं लागेल."

तेवढ्यात पडदा सरकला. हे बाहेर आले. हातात जुनी दुर्बीण आणि साधा पेचकस. काउंटरच्या या बाजूला त्यांना उभं बघून पंचकाकांनी नकळत टोपी काढली. ह्यांनी दुर्बीण दिव्याखाली ठेवली, पेचकसाची मूठ भावोजींकडे केली.

"दाजी, तुम्हीच उघडा. माझा हात लागायला नको."

स्क्रू फिरवला की इतकी वर्षं अखंड राहिलेली रेघ भावोजींच्याच हाताने, पंचांसमोर तुटणार होती. पंचकाका वाकले. "हा तुझ्याच दुकानातला रंग ना?" ह्यांना विचारलं. मग भावोजींकडे वळले. "तू म्हणाला होतास दुसरीकडून आवळून घेतलेस."

"घेतलेच होते. त्यांनी पुन्हा रंग लावला असेल."

"हाच?"

भावोजींनी पेचकस हातात घेतला नाही. घाईत आहे म्हणाले, रायफलीचा खोका उचलला. दारापर्यंत गेल्यावर मी हाक मारली, "भावोजी, ताईंना सांगा, ह्यांनी घरी बोलावलंय. आणि रविवारी काही सरकलं तर आधी रेघ बघा."

त्यांनी मागे बघितलं नाही. पंचकाका मात्र रेंगाळले. भिंग मागून घेतलं आणि पुन्हा एकदा नीट बघितलं. क्लबात आता ते कोणाकोणाला सांगणार, याचा मी मनातल्या मनात हिशेब केला. चांगला लांबलचक निघाला.

रविवारी भावोजी बरेच खाली, कुठल्याशा नवख्या पोरीच्याही मागे राहिले. पंचकाका सांगायला मुद्दाम दुकानात आले. रिंगांबद्दल काही बोलले का, मी विचारलं. नाही, काका म्हणाले. वारा होता, एवढंच भावोजी म्हणाले. त्या दिवशी झाडाचं पानही हललं नव्हतं.

जुनी दुर्बीण काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे, रेघा वर करून. येणारा प्रत्येक माणूस विचारतो. मी प्रत्येकाला सांगते, आणि कंटाळत नाही.

पंचकाका भिंगातून रेघा बघून गेले त्या संध्याकाळी दुकान बंद करताना ह्यांनी शटर ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि चालायला लागले. मी मागे थांबले आणि कुलूप एकदा ओढून बघितलं. सवयच पडली आहे.