रॉयसने टाकलेली विजार

मी विजार बोलतेय. लोकरीची, जाडीभरडी, राखाडी विजार. हसू आलं ना? येऊ द्या. रॉयस हॉगनलाही आलं होतं, आणि ते त्याला केवढ्याला पडलं तेच सांगायला बसलेय मी.

आमच्या मोंटानाच्या डोंगरात शिकारीच्या दिवसांत पहाटे मिशा गोठतात, दुपारी शर्टाची बटणं सोडावी लागतात आणि चारच्या सुमाराला बर्फ सुरू. सगळं एकाच दिवसात. तिथे विजार चुकली की माणसाची धडगत नाही.

रॉयसने मला जुन्या लष्करी कपड्यांच्या दुकानातून आणलं. बारा हंगाम मी त्याच्या पायांवर होते. चढणीला त्याचा घाम बाहेर सोडला, बसल्यावर ऊब धरून ठेवली. एकदा तो कमरेपर्यंत ओढ्यात गेला, तेव्हा मला पिळून पुन्हा चढवलं आणि तीन मैल चालत तंबूत आला. आल्यावर कौतुक कुणाचं? बुटांचं!

तेही मी सोसलं असतं. पण दोन वर्षांमागच्या हंगामात त्याने केलेलं पाप मी जवळून पाहिलंय. विजारीला डोळे नसतात म्हणता? गुडघे असतात.

रॉयसचा थोरला भाऊ मर्ल छपरावरून पडला आणि पाठीतून अधू झाला. मग त्याची बायको अर्लिस त्याच्या जागी शिकारीला येऊ लागली. एक एल्क मिळाला की त्यांचा अख्खा हिवाळा निघायचा. घोड्याएवढं हरीण ते, दोघांच्या पोटाला चिक्कार. त्या सकाळी तिची गोळी खालून सुटली आणि भला थोरला नर डोंगराची धार ओलांडून आमच्यापासून वीस पावलांवर कोसळला.

रॉयस त्याच्याजवळ टेकला. माझे दोन्ही गुडघे रक्तात. जखम एकच होती, तीही अर्लिसच्या बाजूने. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, बंदूक उचलली आणि मातीत एक बार काढला! खाली तंबूतल्या सोबत्यांना दोन आवाज ऐकू जावेत म्हणून. मग शिंगाला आपल्या परवान्याची चिठ्ठी बांधून मोकळा.

अर्लिस धापा टाकत वर आली. "भावोजी, हा माझा आहे. गोळी लागलेली बघितलीय मी."

"वहिनी, तुमची गोळी झाडात गेली. हा माझ्या हातचा. वाईट वाटून घेऊ नका, एक तंगडी देईन पाठवून."

तंगडी काही आली नाही. मर्लच्या घरी सबंध हिवाळा घेवडा आणि बटाटे. त्याहून वाईट म्हणजे गावात सगळे अर्लिसलाच खोटारडी म्हणायला लागले. दुकानात गेली तर बायका कुजबुजायच्या. तिने एकदाही आवाज चढवला नाही, पण हसणं मात्र सोडलं. आणि मी, सगळं ठाऊक असून, खुंटीवर मुकी.

वसंतात रॉयसने नवी विजार आणली. फुगीर, चकचकीत, चौदा खिसे. "उणे तीसपर्यंत चालते म्हणे!" बायकोला फिरून फिरून दाखवत होता मेला. आणि मी? माझ्यावर गाडीचं काळं तेल पुसलं त्याने. बारा वर्षं त्याच्या तंगड्या राखल्या, आणि माझं फडकं केलं! तेव्हाच ठरवलं मी, याला सोडायचं नाही.

जूनमध्ये अर्लिस त्याच्याकडे शिडी परत द्यायला आली. भिंतीवर तिच्याच एल्कची शिंगं टांगलेली. ती बराच वेळ बघत राहिली. मग जमिनीवरून मला उचललं.

"हे टाकायचंय का, भावोजी?"

"न्या की वहिनी. तुम्हाला शोभेल."

तिने मला कोमट पाण्यात बिनवासाच्या साबणाने धुतलं, सावलीत वाळवलं, कंबर आत घेतली. हातात धरून म्हणाली, "तुलाही त्यानेच टाकलं का गं?" मी तिची झाले ती तेव्हापासून.

नोव्हेंबर उजाडला. निघताना उणे बारा. शेकोटीपाशी सगळ्यांसमोर रॉयस म्हणाला, "वहिनी, माझं फडकं घालून आलात? गाडीला तेल घालायचं झालं की हाक मारतो हां!" सगळे खो खो हसले.

हसा, म्हटलं. अर्लिस आत लोकरीचा लेंगा, वर मी, एवढ्यावर निघाली. पहिली दहा मिनिटं कुडकुडली. कुडकुडायलाच हवं. विजार निवडायची ती चढणीकडे बघून. हा शहाणा सगळ्यात थंड तासाकडे बघून फुगीर विजार चढवून बसला. खिंडीत पोहोचेपर्यंत घामाने नुसता निथळत होता. दुपारी पारा चौदा डिग्रीवर गेला, तेव्हा तर आतून भिजून चिंब. मग तीनला वारा फिरला आणि बर्फ सुरू झाला.

अर्लिसला तो कड्याखाली सापडला. झाडं तिथून खूप खाली, जाळायला काटकी नाही. विजार फळीसारखी कडक झालेली, दात वाजतायत, बोटं वळत नाहीत.

"वहिनी... बरं झालं आलात."

अर्लिसने मला काढलं. अंगावर लोकरीचा लेंगा होताच. पण मला त्याला दिलं नाही. मांडीवर घेऊन समोरच्या दगडावर बसली.

"गेल्या वर्षीचा नर कुणाचा, भावोजी?"

"ही काय वेळ आहे विचारायची?"

"हीच आहे."

"आधी विजार द्या, मग बोलू."

"आधी बोला."

त्याने शिव्या दिल्या, मग गयावया केली. "मर्लला कळलं तर काय म्हणेल, भावाला असं बसवून ठेवलंत?"

"मर्लने सहा महिने घेवडा खाल्लाय."

बसून राहा, अर्लिस, मी म्हणत होते. अजिबात हलू नकोस. काय सांगू तुम्हाला, असा आनंद मला जन्मात झाला नव्हता! त्याच्या बुटांवर बर्फ साठत होता आणि मी एकेक क्षण चाखत होते. वीस मिनिटं गेली.

"तुमचा," तो शेवटी पुटपुटला. "तुमचाच होता."

"मला ठाऊक आहे. त्यांना सांगा." अडीअडचणीसाठी प्रत्येकाकडे वॉकीटॉकी असतो. तिने आपला त्याच्या तोंडाशी धरून बटण दाबलं.

"नर अर्लिसचा होता," तो रडत म्हणाला. "मी... मी मातीत गोळी मारली."

खालून तंबूतल्या म्हाताऱ्या ऑस्बीचा आवाज आला. "ऐकलं, अर्लिस. सगळ्यांनी ऐकलं. आता आण त्याला खाली."

तिने मला त्याच्या पायांत चढवलं. मला ऊब द्यावी लागली. लोकर आहे मी, दुसरं येतं काय मला? दोघं खांद्याला खांदा लावून उतरली, ती लेंग्यावर, तो फडक्यात.

शिंगं मर्लच्या घरी आली, आणि मीही. लोकांनी मांस आणून दिलं, माफी मागितली. रॉयसच्या डाव्या पायाची तीन बोटं मात्र कापावी लागली. अर्लिसने डॉक्टरला स्वतः विचारलं, वीस मिनिटं आधी ऊब मिळाली असती तर? डॉक्टर म्हणाले, फरक पडलाच असता असं नाही. पडला नसता असंही नाही.

त्या दिवसापासून तिने मला घातलेलं नाही. दाराआड टांगलंय. यंदाच्या हंगामाला मर्लची जुनी विजार घालून गेली. माझा एक टाका उसवलेला नाही, पण तिचा हात माझ्यापर्यंत येतो आणि मागे जातो.

रॉयसची मला कीव येत नाही, येणारही नाही. पण तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात, तर अर्लिसला एवढं सांगा, की त्या वीस मिनिटांत "हलू नकोस" म्हणणारी मी होते, दोष माझा. तिला ते ऐकू गेलं नव्हतं, मला माहीत आहे. तरी सांगा, गेलं होतं म्हणून.