दुसरं रीडिंग

"अव्वा, मिक्सर बंद कर. पाच मिनिटं."

"चटणी अर्धी राह्यलीय की गं."

"राहू दे. लाईटचा दाब उतरतोय."

आईने, जगदेवीने, मिक्सर थांबवला. शिवप्रियाच्या लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच गेली होती. घरात मिक्सर फिरला की यंत्र डोळे मिटायचं. आज ते एकदाही मिटून चालणार नव्हतं.

तिने पडद्यावरच्या खेळातली टपालवाली बाई धुक्यातल्या पुलाच्या टोकाला उभी केली आणि बाण दाबून धरला. खांद्यावर पिशवी घेतलेली बाई चालू लागली. कोपऱ्यात एक हिरवा आकडा हलत होता. यंत्र एका सेकंदात किती चित्रं काढतं, त्याचा तो आकडा. तो जितका मोठा, तितकी बाईची चाल सहज. पूल संपला. शिवप्रियाने वहीत लिहिलं : माझी आवृत्ती, सरासरी ४८.

बेंबळी गावात तिच्या कामाला लोक 'गेम खेळणं' म्हणत. तिने समजावून सांगायचं कधीच सोडून दिलं होतं. खेळ बहुतेक सगळे विंडोजसाठी बनतात. लिनक्स ही दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांना तोच खेळ हवा असेल, तर त्याची वेगळी आवृत्ती बांधावी लागे. मोठ्या कंपन्या तेवढ्यासाठी थांबत नसत. पण घरात बसून दोघं-तिघं मिळून खेळ बनवणारी माणसं थांबत, आणि त्यांना शिवप्रिया ही आवृत्ती बांधून देई. कॉलेजातली लॅब असिस्टंटची नोकरी सोडून नऊ वर्षं ती हेच करत आली होती. लिनक्सवर खेळणारे तेव्हा मूठभर. ते लाखोंनी वाढावेत, असं तिला मनापासून वाटायचं.

ते वाढले. पण ज्यामुळे वाढले, ती वस्तू वेगळीच होती. विंडोजचा खेळ आणि लिनक्स यांच्यामध्ये बसून भाषांतर करणारा एक प्रोग्राम आला. खेळ आहे तसा टाका, मधला दुभाषी बघून घेतो. वेगळी आवृत्ती नको आणि ती बांधणारी बाईही नको. तिच्याकडचे चार खेळ एकामागून एक गेले. उरला होता हा एक, पुण्यातल्या इंद्रजित आणि अक्षदा या नवराबायकोचा. उद्या त्याची नवी आवृत्ती निघायची होती. इंद्रजितने लिहिलं होतं : 'ताई, दोन्ही प्रकारे चालवून तुमच्या मशीनवर मोजा. चारपर्यंत आकडे पाठवा. ज्याचा आकडा मोठा, ते ठेवू.'

तिने दुभाष्यातून खेळ सुरू केला. पुलावर बाई अडखळली. दोन पावलं, मग गोठल्यासारखी उभी, मग एकदम पुढे. सरासरी ३१.

म्हणजे शिवप्रियाचीच आवृत्ती राहणार. एकतीस. तिने लिहून ठेवलं आणि केवळ सवयीने तोच पूल पुन्हा ओलांडला. आता बाई पाण्यावरून गेल्यासारखी गेली. ५७.

कारण तिला ठाऊक होतं. दुभाषी पहिल्या खेपेला शब्द शोधतो, म्हणून थांबतो. शोधलेलं साठवून ठेवतो, म्हणून पुढे कधी थांबत नाही.

"पोरगी हाय का घरात?" शेजारच्या धुरपदाबाई विरजणासाठी वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. "बसली का खेळत? आमचं म्हातारं बी दिवसभर पत्तेच खेळतंय की पारावर. त्याला कोण पगार दीना ते!"

"त्यास्नी इंग्रजी येत न्हाय, मावशी," जगदेवी आतून म्हणाली.

"इंग्रजी कशाला लागतीय? हारायला काय इंग्रजी लागती व्हय!" धुरपदाबाई आपल्याच बोलण्यावर हसल्या, वाटी भरून घेतली आणि गेल्या.

शिवप्रियाने आपला कोड उघडला. धुकं हलकं केलं, पाण्याचं काम कमी केलं, पुन्हा बांधलं. ४९. सावल्या मोजायची पद्धत बदलली, पुन्हा बांधलं. ४८. जेवणाचं ताट शेजारी गार होत होतं. दीड वाजता ५१ आला. पण त्यात पुलाचा एक कठडाच गायब झाला होता. तिने तो परत लावला. ४९.

"खाऊन घे गं," जगदेवी म्हणाली. मग ताटाकडे बघतच म्हणाली, "तुज्या भावाचा, गौरीशंकरचा फोन आलता. सोलापूरला दुकानावर बसायला घरचं माणूस पायजे म्हणला. तुजं हितलं संपलं तर..."

"संपलं नाही."

"म्या कुठं म्हणले संपलं? तो म्हणला."

अडीच वाजता तिला ते सुचलं. दुभाष्याने साठवलेलं पुसून टाकलं, तर पुढची खेप पुन्हा पहिलीच. तिने पुसलं. पूल. ३१. पुसलं. पूल. ३०. पुसलं, ३२. दहा वेळा पुसलं, दहा वेळा बाईला त्या पुलावर अडखळत नेलं. दहा आकडे एकाखाली एक आले. त्यातला एकही खोटा नव्हता.

बी.एस्सी.ला लंबकाचं प्रॅक्टिकल असायचं. सोडल्या सोडल्या मोजू नका, पहिले झोके जाऊ द्या, असं सर वर्गात फिरत सांगायचे. कुणी घाईत मोजलं, तर वहीवर काही न लिहिता तिथेच ते पान दुमडून पुढे जायचे. ती दुमड सगळ्या वर्गाला दिसायची.

तिने तक्ता पत्रात चिकटवला. 'दहा रीडिंगची सरासरी' असं वर लिहिलं.

फोन वाजला. इंद्रजित.

"ताई, झालं का?"

"झालं. पाठवतेच आहे."

"काय निघालं?"

"दुभाष्यातून अडखळतो. एकतीस. माझ्याकडे अठ्ठेचाळीस."

"अरे वा." त्याने सोडलेला श्वास तिला ऐकू आला. "बरं झालं. खरं सांगू? माझ्याकडे मागच्या महिन्यातच मोजून झालं होतं. आकडे... असो, माझी मशीन नवी आहे. अक्षदा म्हणाली, ताईंनाच मोजू दे. सहा वर्षं आहेत आपल्याबरोबर. त्या देतील तो आकडा लावायचा."

शिवप्रियाने वही मिटली.

"मी काही तपासत बसणार नाही, ताई," तो मायेने म्हणाला. "तुम्ही पाठवा."

तिने फोन ठेवला. दुभाष्याचाच आकडा मोठा येतो, हे त्याला माहीत होतं. म्हणूनच मोजायचं काम तिच्याकडे आलं होतं. दार त्याने मुद्दाम लोटून ठेवलं होतं, कडी न लावता, एखाद्या थकलेल्या माणसाने गुपचूप आत यावं म्हणून. आत गेलं तर काम राहील. पुढचं वर्षभर, कदाचित दोन वर्षं. आणि त्यानंतर ती जे जे मोजून पाठवेल, ते तो असंच मायेने न तपासता ठेवून घेईल.

पत्र समोर उघडं होतं. तिने बोट पाठवायच्या बटणावर नेलं, परत घेतलं. पुन्हा नेलं. घड्याळात तीन पस्तीस झाले होते.

तिने तक्ता खोडला. साठवलेलं न पुसता पूल ओलांडला. पहिल्या खेपेचा आकडा बाजूला टाकला. मग ५७, ५६, ५७, ५८. एका खेपेला तीन मिनिटं लागत. आठ रीडिंग झाली तेव्हा चार वाजून चार मिनिटं झाली होती.

'दुभाष्यातून ५७, माझी आवृत्ती ४८,' तिने लिहिलं. 'पहिल्या खेपेला अडखळतो, ३१. खेळणाऱ्याला तसं आधी सांगून ठेवा. माझी आवृत्ती काढून टाकायला हरकत नाही. उशिराबद्दल क्षमस्व.'

पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'ताई, नक्की?'

'आठ रीडिंग घेतली आहेत.'



जगदेवी सुपात ओल्या शेंगा घेऊन शेजारी येऊन बसली. लेकीच्या तोंडाकडे एकदा बघितलं. शेंगा फोडू लागली. शिवप्रियाने खेळ बंद करायला हात नेला. मग काय वाटलं कोण जाणे, कोपऱ्यातला हिरवा आकडा तेवढा बंद केला आणि बाण दाबला. टपालवाली पूल ओलांडून पलीकडच्या चढाला लागली.

"ही कुठं चालली?" जगदेवीने विचारलं.

"वर. एका गावात कागद पोचवायचाय."

"कुणाचा?"

"माहीत नाही, अव्वा. मी कधी एवढ्या पुढं आलेच नाही."

चढ मोठा होता. वाटेला पिवळं गवत, मध्येच एक हापसा, कुणाचं तरी वाळत टाकलेलं लुगडं. दोघी बघत राहिल्या.

"लई चालीवतीस गं तिला," जगदेवी म्हणाली. "टेकू दे की जरा."

शिवप्रियाने बोट उचललं. बाई थांबली. थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग आपली आपणच एका दगडावर बसली, पिशवी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली आणि आल्या वाटेकडे बघू लागली.

शेंगा फोडल्याचा आवाज तेवढा येत होता. शिवप्रियाने हात मांडीवर ठेवले.