पांढरा ठिपका

नववा बोल्ट तुटला तेव्हा वस्तादांच्या हाताला काहीच कळलं नाही. कळलं ते कानाला. टक् असा आवाज झाला, पाना एकदम हलका होऊन गर्रकन फिरला आणि वस्तादांचं कोपर मागच्या फळीवर आपटलं. इंजिन शाळेच्या बसचं होतं. उद्या सकाळी बस उभी राहिली नाही तर चाळीस पोरं घरी बसणार. पोरांची काही हरकत नसती म्हणा, पण शाळेच्या बाईंचे सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते.

"बोल्टच भिकार!" वस्ताद म्हणाले. ते इतक्या लगेच म्हणाले, की त्यांचं त्यांनाच खटकलं.

पलीकडे पंपाचं काम करणारी त्यांची मुलगी हात पुसत आली. बत्तीस वर्षांची बाई, पण गॅरेजमध्ये तिचं नाव अजून चकतीच होतं. रांगायच्या वयात बोल्टखालच्या चकत्या तोंडात घालायची, तेव्हा चिकटलेलं ते नाव. तिने तुटलेलं डोकं उचललं, उजेडात धरलं आणि खिशात टाकलं.

"काय बघितलंस?"

"काही नाही. इंजिनाचं हेड परत उतरवायला लागेल."

काही नाही कसं? बघायला वस्तादांनीच शिकवलं होतं तिला. मुळात खराब असलेला बोल्ट सरळ तुटतो, त्याची मान होती तशीच राहते. प्रमाणाबाहेर कसलेला बोल्ट आधी ताणला जातो, मानेशी बारीक होतो आणि मग तुटतो. या बोल्टची मान कशी होती ते वस्तादांनी बघितलं नव्हतं. बघायची हिंमत नव्हती.

त्यांच्या हाताची ख्याती होती. इंजिनाचं हेड बसवताना आकडा लावून कसायचा टॉर्क पाना वापरतात. ठरलेला जोर झाला की तो कट् असा वाजतो. चकती त्यानेच कसायची. वस्ताद त्याला 'कटकट्या' म्हणायचे. "ज्याला चव कळत नाही तो मीठ मोजून टाकतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचा पाना साधा, लांब दांड्याचा. कसता कसता बोल्ट एका जागी बोलतो, तिथे थांबायचं, बस. पस्तीस वर्षं बोल्ट त्यांच्याशी बोलत आले होते.

गेले आठ महिने बोलत नव्हते. रक्तातल्या साखरेने बोटांची जाणीव नेली होती. चहाचा पेला गरम आहे की गार हे ओठाला लागल्यावरच समजायचं. सदऱ्याची बटणं लागेनात, तेव्हा त्यांनी सदरे घालणंच सोडलं आणि गळ्यातून ओढायचे बनियनसारखे टी-शर्ट धरले. बायकोला सांगितलं, उकडतं. औषध चालू होतं, पण डॉक्टरांनी आशा लावली नव्हती. हे सगळं त्यांनी झाकून ठेवलं होतं. हात गेलेल्या वस्तादाला लोक पुढे काय म्हणतात ते त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकलं होतं, दोनचारदा स्वतःही म्हटलं होतं.

हेड उतरलं. बोल्टचं उरलेलं टोक दोन आटे आत रुतून बसलं होतं.

"मी काढते," चकती म्हणाली.

"तू पंप बघ."

टोकाच्या बरोब्बर मध्यावर खूण ठोकायची आणि मग तिथे भोक पाडायचं, असं ते काम होतं. वस्तादांनी पंच टेकवला, हातोडी मारली. पंच सरकला. पुन्हा टेकवला. त्यांना वाटलं मध्यावर आहे. दुसरी खूण पार कडेला, आट्यांना खेटून उमटली. तिथे ड्रिल घातलं असतं तर बोल्टच्या आधी इंजिनच कामातून गेलं असतं.

"बाबा, कडेला लागलं."

"दिसतंय मला! डोळे आहेत ना अजून!"

हातोडी फेकून ते बाहेर आले. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. हात खिशात घातले, काढले. राग कुणावर तरी काढायला हवा होता, म्हणून त्यांनी पार्टच्या दुकानदाराला फोन लावला.

"काय माल देता का भंगार? बोल्ट तुटून हातात आला माझ्या!"

"वस्ताद, तो माल तुटत नाही हो," दुकानदार शांतपणे म्हणाला. त्याला शिव्यांची सवय होती. "आणि एक गेला तर दुसऱ्या सेटातला घ्या की."

"कसला दुसरा सेट?"

"तुमची चकती दर इंजिनाला दोन सेट नेते ना. मी म्हटलंसुद्धा तिला, एका इंजिनाला दोन डोकी असतात काय गं तुमच्याकडे?"

तो स्वतःच्या विनोदावर हसत बसला. वस्तादांनी फोन बंद केला.

दोन सेट. डोक्यात किडा वळवळायला लागला. आत वेल्डिंगचा चरचराट सुरू झाला होता. चकतीने पंच वगैरे बाजूला सारून टोकावर एक लोखंडी चकती जोडली, तिच्यावर नट जोडला, आणि आता ती पान्याने नट हळूहळू हलवत होती. थोडं पुढे, थोडं मागे. वस्तादांना बघवेना. तिचं चुकलं असतं तर ते धावून गेले असते. तिचं काही चुकत नव्हतं.

अंगणात ग्रीसिंगसाठी आलेली दूधगाडी उभी होती. पाच महिन्यांपूर्वी तिचं इंजिन त्यांनीच बांधलं होतं. वस्तादांनी बॉनेट उघडलं, इंजिनावरचं झाकण काढायला घेतलं. चार साधे बोल्ट, पण पाना तीनदा निसटला. झाकण निघालं. आत हेडचे बोल्ट ओळीने बसले होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरा ठिपका होता.

हा गॅरेजचा नियम होता, त्यांनीच घातलेला. ज्याने कसला, त्याचाच ठिपका. वस्तादांचा पांढरा, चकतीचा पिवळा. उद्या काही झालं तर कुणाकडे बोट दाखवायचं ते नक्की असावं. दुसऱ्याचा ठिपका लावला म्हणून त्यांनी एका चांगल्या कारागिराला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं.

वस्ताद वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. त्यांचा ठिपका काडेपेटीच्या काडीने लावलेला असायचा आणि काडी उचलताना त्याला हमखास शेपूट यायचं. हे ठिपके गोल होते. दहाच्या दहा.

"चकती! इकडे ये!"

ती आली. हातात नटासकट निघालेलं बोल्टचं टोक होतं. "निघालं," ती म्हणाली, आणि उघडं इंजिन बघून जागीच थांबली.

"हे ठिपके कोणाचे?"

"तुमचे."

"माझ्या ठिपक्याला शेपूट असतं. हे कोणाचे?"

तिने निघालेलं टोक फडक्यात गुंडाळलं.

"सगळे बोल्ट बदललेस? परत कसलेस? माझ्या मागे?"

"तुम्ही जेवायला गेल्यावर."

"कधीपासून?"

"तुम्ही बटणं लावायचं सोडलंत तेव्हापासून."

वस्तादांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "माझ्या नावाचा खोटा ठिपका! माझ्याच गॅरेजात! दुसरं कोणी असतं तर..."

"तर घरी पाठवलं असतंत. माहीत आहे मला." तिचाही आवाज चढला. "मग काय करायचं होतं मी? गाड्या तशाच सोडायच्या? त्या दुधाच्या माणसाच्या घरी चार तोंडं आहेत!"

"मला सांगायचं होतंस!"

"तुम्ही सांगितलंत मला?"

ते दूधगाडीच्या मडगार्डला टेकून उभे राहिले. लाज वाटत होती, खूप लाज वाटत होती. पोटच्या पोरीने आठ महिने आपल्याला सांभाळून घेतलं आणि आपण तिच्या कटकट्याची टिंगल करत बसलो. पण लाजेच्या खाली आणखीही काहीतरी होतं. या आठ महिन्यांत पाच इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली होती आणि पाचही रोज रात्री त्यांच्या छातीवर बसायची. त्यातली एक ॲम्ब्युलन्स होती. ती रस्त्याने सायरन वाजवत गेली की ते जेवण थांबवून तो आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहायचे. आता ती इंजिनं एकेक करून उतरली.

"ॲम्ब्युलन्सचं पण बघितलं होतंस?"

"सगळ्यात आधी."

ते बराच वेळ नाक पुसत राहिले. मग आत जाऊन त्यांनी आपला लांब दांड्याचा पाना खिळ्याला अडकवला.

"मधल्या बोल्टपासून सुरू कर," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"माहीत असू दे. मी सांगतो, तू कस."

सांध्यात नवं गॅस्केट बसलं, हेड बसलं, दुसऱ्या सेटातले दहा बोल्ट लागले. वस्ताद क्रम सांगत होते आणि ती कसत होती. कट्. कट्. तिसऱ्या फेरीत सहाव्या बोल्टला त्यांनी हात वर केला. "थांब. जरा उशिरा वाजला हा. खाली कचरा आहे." तिने बोल्ट काढला. बोल्टच्या चकतीखाली वेल्डिंगचा राईएवढा दाणा निघाला. तिने बापाकडे बघितलं. वस्तादांनी मुद्दामच दुसरीकडे बघितलं, पण मान ताठ झाली होती.

दहावा बोल्ट कसून झाला. चकतीने सवयीने पांढऱ्या रंगाची डबी ओढली. तिचं झाकण गेले आठ महिने सैलच असायचं आणि वर रंगाची साय धरलेली असायची.

"बोल्ट कोणी कसले?" वस्तादांनी विचारलं.

"मी."

"मग?"

ती डबी धरून तशीच उभी राहिली. "राहू दे ना, बाबा. बसवाले तुमचं नाव ऐकून येतात."

वस्तादांनी तिच्या हातातली डबी काढून घेतली आणि फळीवर मागे, जुन्या स्पार्क प्लगांच्या पाठीशी ठेवून दिली. मग पिवळी डबी उचलली. तिचं झाकण घट्ट होतं. त्यांनी एकदा फिरवलं, बोटं सरकली. दुसऱ्यांदा फडक्याने धरून फिरवलं, तरी सरकली. चकती बघत होती, पण पुढे झाली नाही.

त्यांनी डबी तिच्यासमोर धरली.

"एवढी उघडून दे गं," वस्ताद म्हणाले, "मला नाही जमत."