दोनच बदल

कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या मुलांना मॅडम एक वेगळाच विषय शिकवायच्या: काम कसं मिळवायचं, मिळालेलं कसं निभवायचं आणि गिऱ्हाईक डोक्यावर बसलं तर त्याला अलगद खाली कसं उतरवायचं. "तोंडी ठरलेलं काम म्हणजे..." एवढं त्यांनी म्हटलं की "पाण्यावरची रेघ!" असं अख्खा वर्ग ओरडायचा.

मॅडमच्या थोरल्या भावाचा दातांचा दवाखाना होता. पेशंट बसतात त्या खोलीत त्याला भिंतभर चित्र हवं होतं. मॅडमनी वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी पाठवली. तिला सगळे मुंगी म्हणत. मुंगीने शिकवल्याप्रमाणे कागद करून नेला: समुद्रातले मासे, बदल दोनच, त्यापुढे नवा करार. दादाने न वाचताच सही ठोकली.

पाचव्या दिवशी मॅडमचा तास चालू असतानाच दादाचा फोन आला.

"अगं, तुझी पोरगी भिंत अर्धी टाकून हाताची घडी घालून बसलीय!"

"का? काय झालं?"

"काही नाही गं. मासे फार मोठे वाटले, लहान करून घेतले. निळा रंग उदास दिसत होता, तो बदलून घेतला. आता तुझी वहिनी म्हणते, मासे नकोतच, पक्षी काढा. तर ही कागद दाखवते. मला!"

मॅडमचं शिकवण्यात लक्ष लागेना. दादाने हाक मारायची आणि आपण धावायचं, हे लहानपणापासूनचं. शेवटी तास अर्ध्यावर सोडून त्या ब्रश घेऊन निघाल्या. वाटेत दोनदा थांबल्या, एकदा तर मागेही फिरल्या. पण पोचल्याच.

भिंतीवरच्या निम्म्या माशांना शेपट्याच नव्हत्या. मॅडम शिडी चढल्या, रंगाचा डबा उघडला. मुंगी जवळ आली.

"मॅडम, तुम्ही रंगवणार असाल तर मी घरी जाऊ का?" ती हळूच म्हणाली. "आणि उद्याच्या तासाला येऊ की नको?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. मॅडमचे कान तापले. त्यांनी डबा बंद केला आणि त्या खाली उतरल्या.

तेवढ्यात दादा बाहेर आला. "झालं का सुरू?"

"नाही दादा. पक्षी हवेत तर नवा कागद कर."

"आपल्यात कधीपासून कागद लागायला लागले?"

"आधीच लागायला हवे होते. तुझ्या दवाखान्याची पाटी मी चार वेळा रंगवली. एकदाही 'पुरे' म्हणायला जमलं नाही मला."

दादा काही बोलणार, तोच गालाला हात लावून बसलेल्या आजीबाई कळवळल्या. "डॉक्टर, मासेच राहू द्या हो! पक्ष्यांच्या नादात माझी दाढ राहील."

खोलीतले सगळे हसले. दादा हसला नाही. "मासे तर मासे," म्हणत बहिणीकडे न बघता तो आत गेला.

तीन दिवसांत मुंगीने भिंत पुरी केली. चित्र झकास झाल्याचा वहिनीचा निरोपही आला. दादाचा मात्र आला नाही. महिना उलटला तरी मॅडम रोज फोन उचलायच्या आणि परत ठेवायच्या. माफी मागायची तर नेमकी कशाची, ते त्यांना कळत नव्हतं, आणि न मागता चैनही पडत नव्हतं.