बिबल्याचं पाणी

"खिळा? कुठला खिळा?" म्हाताऱ्या शिंप्यानं विचारलं.

सिस्टरनं चिमट्यातला गंजका खिळा त्याच्या डोळ्यांसमोर धरला. चपलेचा तळ फोडून तो पायात घुसला होता, आणि जखम बघता निदान तीन दिवस तिथंच मुक्कामाला होता. तेवढे दिवस शिंपीबुवा त्याच पायानं मशीन हाणत होते.

"दुखलं नाही?"

"छे! शुगर उतरलीय आता. गोळ्या कधीच सोडल्या." त्यानं पिशवीतून लालसर लाकडी पेला काढला आणि हसून म्हणाला, "तुम्हाला काय सांगायचं, तुमच्या घरचंच औषध!"

पेला तिच्या वडिलांनी कातलेला होता. या महिन्यातला हा तिसरा पाय, आणि आधीच्या दोघांच्या उशालाही असाच पेला होता. तिनं पट्टी बांधली, शिंप्याला मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं आणि ड्युटी संपताच तडक बाबांचा कारखाना गाठला. आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं ती मनाशी घोकत होती.

बाबा लेथवर पेला कातत होते. बिबल्याच्या लाकडावर त्यांचा उभा जन्म गेला होता. या झाडाला कुऱ्हाड लागली की रक्तासारखा लाल चीक गळतो. लहानपणी तो पाहून ती रडायची, तेव्हा बाबा समजूत घालायचे, "अगं, आपलं रक्त गोड होऊ नये म्हणून ते स्वतःचं देतं." लाकूड दारं-खिडक्यांना पक्कं. आणि पेल्यात रात्रभर पाणी ठेवलं की सकाळी त्यावर निळी झाक येते. ते पाणी म्हणजे साखरेवर उतारा, असं बाबांचे आजोबा सांगायचे. बाबा तेच सांगत आले.

"बाबा, पेले विका, पण गोळ्या सोडा असं सांगू नका लोकांना."

"मी कधी सांगितलं?"

"'उपाशीपोटी घ्या, दुसरं काही लागत नाही.' जन्मापासून ऐकतेय मी."

"मग खोटं आहे का? आजवर एकाला तरी दुसरं लाकूड चिकटवलं मी? पाणी निळं नाही झालं तर पेला परत आणा, म्हणतो. एकही आला नाही परत."

"पेले येत नाहीत, बाबा. पाय येतात, माझ्याकडे."

यंत्र थांबलं. सिस्टरची नजर खाली गेली. बाबांच्या पायांत बूट होते. जुन्या काळी हातानं दोरी ओढून लेथ फिरवत, पायाच्या बोटांत पटाशी धरून ज्यांनी पेले उतरवले, स्वतःच्या लग्नातही जे अर्धा वेळ अनवाणी हिंडले, त्यांच्या पायांत ऐन उन्हाळ्यात बूट! आणि भुशाच्या वासाखाली दुसराच एक वास होता. रोज जखमा धुणारीला तो सांगावा लागत नाही.

"बूट काढा."

"पायाला गार लागतं."

"बाबा, बूट काढा."

"तू घरी जाऊन चहा टाक. आलोच मी."

ती खाली बसून नाडी सोडायला लागली. त्यांनी अडवलं नाही. डाव्या बुटातून आधी भुसा सांडला, ओला. जखमेवर त्यांनी बिबल्याचाच भुसा दाबला होता. आत तीन बोटं काळी पडली होती आणि लाली घोट्याच्या वर चढली होती.

"किती दिवस झाले?"

"भरतंय ते. रोज दोन पेले पितोय." मग खालच्या आवाजात, "तीन महिने."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू गोळ्या चालू केल्या असत्यास. आणि गिऱ्हाइकानं मलाच गोळी गिळताना बघितलं असतं तर?"

तिला संताप आला. ते लबाड असते तर बरं झालं असतं. लबाडाला निदान आपली लबाडी ठाऊक असते, तो स्वतः गुपचूप गोळी घेतो. हे स्वतःच्या शब्दाला जागत बसले होते.

बाबांना दवाखान्यात ठेवून मोठ्या डॉक्टरांनी दोन दिवस औषधं देऊन पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला बाजूला घेतलं आणि नुसताच आडवा हात पोटरीवर धरून दाखवला. पाय काढावा लागेल, हे वीस वर्षं ती परक्यांच्या घरच्यांना सांगत आली होती. आज बाबांच्या खाटेशी ती नुसतीच चादर सारखी करत राहिली.

शेजारच्या खाटेवरून शिंपी पेला पुढे करत म्हणाला, "घ्या हो, छान निळं झालंय."

बाबांनी त्या पाण्याकडे बराच वेळ पाहिलं. "ओतून टाका ते," ते म्हणाले. "सिस्टर देईल ती गोळी घ्या."

मग ते तिच्याकडे वळले. "कुठून?"

तिनं चादर सारून पोटरीवर बोट टेकलं. टेकवून लगेच उचललं.

"असं नाही. नीट दाखव."

तिला जमेना. तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेन्सिल काढली, पाय जवळ ओढला आणि तिचं बोट होतं तिथून पोटरीभोवती सरळ रेघ फिरवली. हात जराही हलला नाही. चष्मा पुढे ओढून रेघ तपासली, आणि तिच्या दोन सूत खाली दुसरी मारली.

"डॉक्टरांना सांग, खालच्या रेघेवर धरा म्हणावं," ते म्हणाले. "करवत आपल्या जाडीएवढं खातेच."